ठाणे जेल, कर्जत लोकलने

शाळकरी मुलांना पाच रुपये, कॉलेजच्या पोरांना दहा, बाकी सगळ्यांना पन्नास. येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग आतून बघायचा हा दर. २६ जानेवारी २०२१ला राज्य सरकारने ‘कारागृह पर्यटन’ सुरू केलं तेव्हा तो जाहीर झाला. आधी अर्ज करायचा, ओळखपत्र न्यायचं, मोबाइल आणि कॅमेरा दाराशी ठेवायचा. आत गांधी यार्ड, टिळक यार्ड, पुणे करार ज्याच्या साक्षीने झाला ते आंब्याचं झाड आणि चापेकर बंधू जिथे फासावर गेले ती जागा. ठाणे, नाशिक अशा जुन्या तुरुंगांचीही नावं पुढच्या टप्प्यासाठी त्या वेळी घेतली गेली होती.

बातमी वाचून मी ती बाजूला ठेवली होती. ती पुन्हा आठवली भाचीमुळे. बहीण भिवपुरीला दिलेली. भाची सातवीत. शाळेत प्रकल्प मिळाला होता : ‘स्वातंत्र्यलढ्याशी निगडित स्थळास भेट व अहवाल’. वर्गातल्या निम्म्या मुलांनी रायगड लिहून टाकला. स्वातंत्र्यलढ्याशी त्याचा थेट संबंध नाही हे कुणाच्या गावी नव्हतं. गड म्हटला की सगळं बसतं. हिने मात्र ‘जेल’ लिहिलं. कुठलं, ते ठरलेलं नव्हतं. तिच्या आजीने कपाळाला हात लावला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं ऐकत म्हातारी मोठी झाली, आणि नात तर कोर्टाच्याही पुढच्या दाराची गोष्ट करत होती.

आमच्या भागाची एक गंमत आहे. मुंबई-पुण्याच्या शाळांच्या सहली आमच्याकडे येतात. खालापुरात इमॅजिका झाल्यापासून तर डिसेंबर-जानेवारीत बसची रीघ लागते. कर्जत-खालापूरच्या शाळा एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत घेऊन उलट दिशेला, गडकिल्ल्यांना आणि अष्टविनायकांना जातात. आपल्याच दाराशी काही बघण्यासारखं आहे, हे दोन्हीकडच्या बसमध्ये बसलेल्यांना सांगणारं कुणी नसतं.

भिवपुरीहून तुरुंगाकडे जायला दोन वाटा. कर्जतहून गाडी धरून घाट चढलात की येरवडा. खाली उतरत गेलात की ठाणे. येरवड्याच्या आंब्याचं महत्त्व मी कमी करत नाही. २० सप्टेंबर १९३२ला गांधीजींनी तिथे उपोषण सुरू केलं, २४ला डॉ. आंबेडकरांची करारावर सही झाली, आणि त्या चार दिवसांचा अर्थ लावण्याचं काम आपण अजून संपवलेलं नाही. सातवीतल्या मुलीला तो गुंता समजावून सांगायचा तर आधी समजावणाऱ्याने बरंच वाचून यायला हवं. मी ठाणे निवडलं ते वेगळ्या कारणाने. ठाण्याच्या तुरुंगाकडे जाणारा रस्ता भिवपुरीतून सुरू होतो, आणि तो नुसता रेल्वेचा नाही.

भिवपुरी म्हणजे दोन गोष्टी. भिवपुरी रोड हे नेरळ आणि कर्जतच्या मधलं स्टेशन, आणि मूळ भिवपुरी गाव घाटाच्या पायथ्याशी, कुसूर घाटाची जुनी वाट जिथे उतरते तिथे. गावाजवळ टाटांचं वीजघर. वर मावळात ठोकरवाडीचं धरण, तिथलं पाणी डोंगरावरून नळांतून खाली सोडायचं आणि त्याच्या रेट्यावर वीज करायची. खोपोलीचं वीजघर १९१५चं, भिवपुरीचं १९२२चं. दोन्हीकडची वीज तेव्हा मुंबईकडे जायची, गिरण्यांकडे, पुढे रेल्वेकडे. तारा गेल्या त्या आमच्या शेतांवरून आणि ठाकरवाड्यांवरून. त्यांच्याखालच्या झापांत रॉकेलची चिमणी होती.

१९४२च्या पावसाळ्यानंतर या तारांचे मनोरे पडायला लागले. त्यांना इकडची जुनी माणसं ‘पायलॉन’ म्हणत. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळ्यांचे भाई, आणि त्यांचा आझाद दस्ता रात्री जाऊन मनोऱ्याचे पाय करवतीने कापत होता. एक मनोरा आडवा झाला की मुंबईतले साचे थांबत. भाई माथेरानचे, १ डिसेंबर १९१२चा जन्म, नाभिक कुटुंबातले, गरिबीतून शिकून वकील झालेले. माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष होते. बेचाळीसच्या चळवळीच्या आधीपासून खेड्यांत शाळा काढणं, शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून धान्यकोठी उभारणं, ही कामं चालू होती. मनोरा कापायला रात्री अंधारात जी माणसं त्यांच्या मागे गेली ती भाषण ऐकून गेली नव्हती. धान्यकोठीतून त्यांची ओळख झालेली होती. दस्त्याची गोष्ट सांगताना हा भाग हमखास गळतो. करवत सगळ्यांना आठवते, कोठी कुणाला आठवत नाही.

२ जानेवारी १९४३ला पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथेच गोळ्यांना बळी पडले. भाई तेव्हा तीस वर्षांचे. जे जिवंत हाती लागले त्यांच्या वाट्याला तुरुंग आला.

लोकलमध्ये हे सगळं मी भाचीला सांगत होतो. सकाळची कर्जत गाडी, भिवपुरी रोडला चढलं तर खिडकी मिळते. नेरळ येईपर्यंत डावीकडे माथेरानचा डोंगर, उजवीकडे लांबवर भीमाशंकरची रांग. त्याच रांगेच्या अंगाला सिद्धगड. म्हणजे भाईंचा जन्म आणि मृत्यू गाडीच्या दोन खिडक्यांत. तिने एवढंच विचारलं, “करवतीने लोखंड कापायला किती वेळ लागतो?” मला सांगता येईना. समोर बसलेले एक फॅब्रिकेशनवाले काका वांगणीपर्यंत ते समजावत राहिले : ब्लेड कसं तापतं, तेल कुठे सोडायचं, पाय सगळे कापायचे नसतात, दोन कापून उरलेल्यांवर भार आणायचा. काकांनी दस्त्याचं नाव ऐकलं नव्हतं, पण गाडीतला सगळ्यात चांगला तास त्यांनीच घेतला.

ठाण्याला उतरून कोर्ट नाक्याकडे चालत गेलं की रिक्षा, झेरॉक्सची दुकानं, वकिलांचे काळे कोट आणि त्यांच्यामागे अचानक उंच दगडी तट. तुरुंग हा मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास बांधायला घेतला, पुरा होण्याआधीच १७३७ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी. इंग्रजांना तो तुरुंग म्हणून का आवडला असेल हे बाहेरूनही कळतं. तट आयता, दारं मोजकी, एका अंगाला खाडी. तोफा फक्त उलट्या वळवायच्या. आमच्या रायगड जिल्ह्यातही तीच तऱ्हा. अलिबागचा हिराकोट कान्होजी आंग्र्यांनी १७२०ला बांधला, आज तो जिल्हा कारागृह आहे. समुद्रावर आलेले पर्यटक त्याच्या भिंतीशेजारून कुलाब्याच्या किल्ल्याकडे जातात आणि हा किल्ला कुठला, असं विचारतही नाहीत.

ठाण्याचा तुरुंग चालता तुरुंग आहे. हवं तेव्हा आत जाता येत नाही, त्याला परवानगी लागते. आम्ही तटाच्या कडेकडेने फिरलो आणि मी गोष्टी सांगितल्या. त्यातली तिला सगळ्यात आवडली ती त्रिंबकजी डेंगळ्यांची.

बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ला पंढरपुरात खून झाला. संशय दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजीवर. इंग्रजांनी दबाव आणून त्याला ताब्यात घेतला आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवला. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले, देशी शिपाई फितूर होतील म्हणून. त्या शहाणपणाचं असं झालं की पहारेकऱ्यांना मराठी कळेना. किल्ल्यातल्या एका अंमलदाराकडे घोड्याची चाकरी करायला एक मोतद्दार आला. तो रोज त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करायचा आणि गाणी म्हणायचा. साथीदार कुठे लपलेत, घोडा कुठे उभा आहे, कुठल्या वाटेने निघायचं, सगळं त्या गाण्यांत. गोरे शिपाई ऐकत उभे. १२ सप्टेंबर १८१६च्या रात्री त्रिंबकजी तट उतरून पसार झाला. पुढे इंग्रजांनी त्याला पुन्हा पकडून चुनारच्या किल्ल्यात ठेवलं, पण ती पुढची गोष्ट. त्रिंबकजी काही स्वातंत्र्यसैनिक नव्हता, खुनाचा आरोप असलेला दरबारी होता, हेही मी तिला सांगितलं. तिला त्याने फरक पडला नाही. तिने वहीत ‘गाणारा मोतद्दार’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं. त्याचं नाव काय, हे मात्र विचारलं. माझ्याकडे नव्हतं.

मग राघोजी भांगरे. अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी, सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठलेले. पंढरपुरात पकडले गेले, २ मे १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. १८५७च्या नऊ वर्षं आधी. कर्जत-मुरबाडच्या डोंगराळ वाड्यांतून महादेव कोळी, ठाकर, कातकरी राहतात. भाचीच्या वर्गात त्यांची मुलं आहेत. राघोजींचं नाव त्या मुलांनी वर्गात सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, असा एक तास व्हायला हवा.

वासुदेव बळवंत फडके तर आमच्या जिल्ह्यातलेच. पनवेल तालुक्यातलं शिरढोण, कर्नाळ्याच्या पायथ्याचं, ४ नोव्हेंबर १८४५चा जन्म. रामोशी, कोळी यांना बरोबर घेऊन त्यांनी बंड उभं केलं. मे १८७९ला त्यांच्या माणसांनी दौलतराव नाइकांबरोबर कोकणात उतरून पळस्पे आणि चिखले लुटलं. पळस्पे म्हणजे आजचा पळस्पे फाटा, जिथे खालापूरची माणसं पनवेलला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकतात. त्याच जुलैत फडके पकडले गेले. जन्मठेप, काळं पाणी. एडनला पाठवण्याआधी त्यांना याच ठाण्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. जानेवारी १८८०ला बोटीवर चढवलं. एडनलाही त्यांनी कोठडीचं दार बिजागरीतून उखडून पळ काढला होता. पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ला तिथेच गेले. सावरकरांनाही १९११ला अंदमानला नेण्याआधी काही काळ इथेच ठेवलं होतं.

आणि १९ एप्रिल १९१०. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाला आला असताना २१ डिसेंबर १९०९ला अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. चारच महिन्यांत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्यात फाशी झाली. कान्हेऱ्यांचं वय अठरा. भाचीचा मोठा भाऊ अठराचा आहे, बारावीची परीक्षा देऊन घरी लोळतो. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “आणि नाटक तसंच अर्धं राहिलं?”

आतापर्यंतचं सगळं पाठ्यपुस्तकाच्या बाजूचं. पुढे जे झालं त्याची मी तयारी केली नव्हती.

मुलाकातीसाठी आलेली माणसं दाराच्या अलीकडे रांगेत होती. बहुतेक बायका. हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, आधारकार्डाच्या झेरॉक्स, एकीच्या कडेवर तान्हं. रांगेत शाळेच्या गणवेशातला एक मुलगा होता, भाचीएवढाच, दप्तर पाठीला. बहुधा शाळेत न जाता इकडे आला असावा, किंवा इथून शाळेत जाणार असावा. भाचीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने हिच्या हातातल्या वहीकडे. मग हळूच मला : “मामा, हा पण प्रकल्पाला आलाय?”

मी म्हटलं, नाही, कुणीतरी घरचं आत असेल. “मग त्यांनी काय केलं?” मी म्हटलं, केलं की नाही ते अजून ठरलेलं नसेल. आत असलेल्या बहुतेकांचे खटले चालू आहेत. पोलिसांच्या आणि तुरुंगाच्या बोलीत त्यांना ‘कच्चे कैदी’ म्हणतात. शिक्षा लागली की पक्के. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती, त्यांतली चारांतली तीन कच्ची. ठाण्याच्या तुरुंगाची क्षमता ११०५ आणि आत त्याच्या कितीतरी पट माणसं, ही बातमी ठाणेकर वर्षानुवर्षं वाचतात. जागा नाही म्हणून झोपायला पाळ्या लागतात, असं सुटून आलेले सांगतात.

सहलीच्या कल्पनेत ही रांग कुठेच नसते. ‘कारागृह पर्यटन’ म्हटलं की आपल्याला हार घातलेली कोठडी दिसते, आणि तिथून दोनशे पावलांवर गिनतीसाठी उभी राहणारी जिवंत माणसं दिसत नाहीत. ती मुलांपासून लपवावीत असं अनेक शिक्षकांना वाटतं. मला नाही वाटत. मुलांना दाखवायची म्हणून नव्हे. कैदी हा काही प्राणीसंग्रहालयातला वाघ नाही. पण ती आत आहेत, त्यांची वकिलाची फी थकलेली आहे, जामीन मिळूनही पैसे न भरता आल्याने कुणी अडकून पडलं आहे, हे मुलांना सांगायला हरकत कसली? ज्यांचे पुतळे आपण दाखवतो तेही त्या काळच्या सरकारदरबारी गुन्हेगारच होते. म्हणून आतले सगळे निर्दोष ठरत नाहीत. मात्र ‘तुरुंगात गेला म्हणजे वाईट’ हा हिशेब मुलीच्या डोक्यातून एका सकाळीत निघाला, आणि ‘तुरुंगात गेला म्हणजे थोर’ हा दुसरा हिशेबही बसला नाही, एवढं मी बघितलं.

तुरुंगात जाणारी मुलं खरं तर रोजच असतात. आई कैदेत असेल तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्याबरोबर आत राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ला त्याबद्दल सविस्तर नियम घालून दिले. बाळाला दूध, लस, पाळणाघर, असं बरंच काही त्यात आहे. सहा पूर्ण झाले की मूल बाहेर, नातेवाइकाकडे किंवा संस्थेत. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत ‘गळाभेट’ नावाचा कार्यक्रम होतो. एरवी मुलाकात जाळीतून किंवा काचेतून. त्या दिवशी कैद्याच्या लहान मुलांना आत घेतात आणि बापाच्या, आईच्या गळ्यात पडू देतात. पोरं नवे कपडे घालून येतात. त्यांच्या भेटीला तिकीट नसतं आणि अहवालही लिहायचा नसतो.

तुरुंग आणि शाळा यांचं मराठीत जुनं नातं आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ला चार-पाच दिवसांत लिहून काढली. विनोबांची गीताप्रवचनं १९३२ला धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी झाली, आणि ती उतरवून घेणारे साने गुरुजीच. म्हणजे मराठी घराघरांत मुलांना वाचायला दिलेलं पुस्तक कैद्याने कैदेत लिहिलेलं. भाचीला हे सांगितल्यावर तिने विचारलं, त्यांना वही-पेन कोण देत होतं? हा प्रश्न मला येरवड्याच्या कुठल्याही फलकापेक्षा मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधता शोधता अ वर्ग-क वर्ग कैदी, पत्रांवरची सेन्सॉरची नजर, कामाची सक्ती, सगळं आपोआप येतं.

तेव्हा सहल काढायचीच तर मी ती अशी काढेन. पहिला दिवस भिवपुरीतच. वीजघराकडे बघत तारा कुठे जातात ते नकाशावर काढायचं, कुठल्याही जुन्या मनोऱ्याखाली उभं राहून त्याचे पाय मोजायचे. मग नेरळच्या हुतात्मा चौकात भाई आणि हिराजी पाटलांचं स्मारक. २ जानेवारीला पहाटे सिद्धगडला माणसं जमतात, आदल्या रात्रीच गेलेली. सातवीच्या मुलांना झेपेल असं चालणं आहे, थंडी मात्र कडक. ठाणे त्यानंतर, अधीक्षकांची परवानगी मिळाली तर आतून, नाही तर बाहेरून. येरवडा आठवी-नववीत, पुणे करार समजेल अशा वयात. कोठडीच्या गजाला हात लावून फोटो काढायला मिळत नाही याचं वाईट वाटून घेऊ नये. गज सगळीकडे सारखेच असतात.

प्रकल्प तिने जमा केला. अहवालाला चार पानं, त्यातलं दीड पान फॅब्रिकेशनवाल्या काकांवर. शेवटी ‘मला पडलेले प्रश्न’ असा भाग सक्तीचा होता. मनोरे पाडले तेव्हा ते पुन्हा कुणी उभारले, आणि त्यांना मजुरी किती मिळाली? मोतद्दाराला पकडलं का? जे रांगेत उभे होते त्यांची सुट्टी त्या दिवशी पगारी होती का? बाईंनी तिन्ही प्रश्नांवर बरोबरची खूण केली आहे आणि शेजारी लाल शाईत लिहिलंय : ‘उत्तरे शोधून आण.’